त्यांचे जंगल, आमची रद्दी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक प्रकल्प दिला होता. कोणतीही एक वस्तू घ्यायची आणि तिच्या बाबतीत दोन देशांच्या व्यापाराची तुलना करायची. कुणी सोने घेतले, कुणी खाद्यतेल, एका मित्राने मोबाईल. मी कागद आणि पुठ्ठा घेतला, आणि देश निवडले भारत व फिनलंड. "हाच विषय का?" असे सरांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "सर, सोपा वाटला." हे उत्तर खरे नव्हते. खरे उत्तर वर्गात सांगण्याचा मला धीर झाला नाही, म्हणून ते इथे लिहितो.

माझे वडील हातगाडीवर रद्दी आणि भंगार गोळा करतात. आम्ही भावंडे त्यांना दादा म्हणतो. आई घरी माल निवडते. पेपर एकीकडे, वह्या-पुस्तके एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, आणि मेणकापड किंवा प्लॅस्टिक चिकटलेला कागद वेगळा. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबा 1972 च्या दुष्काळात गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी आले आणि ही गाडी त्यांनी धरली. तीच दादांकडे आली. मी वाचायला शिकलो शाळेत, पण वाचनाची गोडी लागली ती आईच्या ढिगात. आपल्या महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक मी प्रथम पाहिले तेही ग्रंथालयात नव्हे, त्या ढिगातच. तेव्हा कागदाच्या व्यापाराची मला जी काही समज आहे ती एक पाय पुस्तकात आणि एक पाय गोणीत अशी आहे. वाचकांनी ती तशीच स्वीकारावी.

आता मुख्य विषय. फिनलंड हा उत्तर युरोपातला देश. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडासा मोठा, पण वस्ती अवघी 56 लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. जमिनीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली. पाइन, स्प्रूस आणि भूर्ज ही तिथली झाडे. त्यांतल्या पाइन आणि स्प्रूसचा तंतू लांब असतो, त्यामुळे कागद चिवट होतो. टांपेरे ह्या गावी 1842 साली त्या देशातले पहिले कागदयंत्र बसले. आपल्याकडे एकेकाळी ज्याच्या-त्याच्या हातात असलेला नोकिया फोन ज्या कंपनीचा, तिची सुरुवातही 1865 साली त्याच परिसरातल्या लाकडी लगद्याच्या गिरणीने झाली, हे वाचून मला मोठी मौज वाटली. तयार होणाऱ्या कागद-पुठ्ठ्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल हा देश बाहेर विकतो. एकूण मालनिर्यातीचा सुमारे पाचवा हिस्सा जंगलावर चालणाऱ्या उद्योगांचा आहे. शिवाय कागद बनवण्याची यंत्रेसुद्धा ते जगाला विकतात.

भारताचे चित्र निराळे. आपण वर्षाला साधारण अडीच कोटी टनांच्या घरात कागद आणि पुठ्ठा तयार करतो. म्हणजे एकूण आकडा फिनलंडच्या कितीतरी पुढे. परंतु डोकी मोजली की चित्र उलटते. फिनलंडमध्ये माणशी एक टनाहून अधिक कागद-पुठ्ठा तयार होतो. आपल्याकडे माणशी वापर वर्षाला 15-16 किलो, आणि जगाची सरासरी 50 किलोच्या वर आहे. एवढे करूनही आपला माल आपल्याला पुरत नाही, किंवा पुरत असला तरी बाहेरचा स्वस्त पडतो. 2023-24 ह्या वर्षात भारतात सुमारे 19 लाख टन कागद-पुठ्ठा आयात झाला, आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने अधिक. आग्नेय आशियातील देशांशी झालेला व्यापार करार 2010 पासून लागू झाला आणि तिकडून येणाऱ्या कागदावरचा आयात कर टप्प्याटप्प्याने नाहीसा झाला. त्यात चीनच्या मालाची भर आहेच.

इथवरचे आकडे कोणीही मांडील आणि शेवटी म्हणेल की, फिनलंडकडे जंगल आहे, आपल्याकडे नाही, विषय संपला. आमच्या पाठ्यपुस्तकातही रिकार्डोचा तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत असाच शिकवला जातो. पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड करावे, ज्याला जे स्वस्तात जमते ते त्याने करावे. मी प्रकल्पाचा पहिला मसुदा असाच लिहिला होता. पण पुढे वाचत गेलो तसतसे मला हे उत्तर अपुरे वाटू लागले.

पहिली गोष्ट अशी की, फिनलंडचे जंगल देवाने दिले आणि त्यांनी नुसते वापरले असे झालेले नाही. एकोणिसाव्या शतकात तिथले शेतकरी झाडे जाळून राखेत पीक घेत, डांबरासाठी झाडे सोलत, आणि जंगलाची पुष्कळ नासधूस झाली होती. तो देश गरीबही होता. 1866 ते 1868 ह्या काळात तिथे असा दुष्काळ पडला की, लोकसंख्येचा सुमारे बारावा हिस्सा मेला. पुढे 1886 साली जंगलाचा नाश करण्यास मनाई करणारा कायदा झाला, तोडीनंतर नवी झाडे उभी राहिली पाहिजेत हा दंडक हळूहळू बसत गेला, आणि त्यातून आजचे जंगल उभे राहिले. तेव्हा निसर्गाची कृपा म्हणून जे दाखवले जाते त्यात कायद्याचा आणि मेहनतीचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ह्या जंगलाचा मालक कोण? माझी समजूत होती की, मोठ्या कंपन्या असतील, नाहीतर सरकार. तसे नाही. तिथले सुमारे साठ टक्के जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचे आहे आणि असे मालक सहा लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे तिथे जंगल हे आपल्याकडच्या बागायतीसारखे घरचे असते. 1918 साली तिथे कायदा झाला आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांना ती जमीन विकत घेता आली. आपल्याकडे 1948 चा कुळकायदा ज्यांच्या घरी पोचला त्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. गिरणीला लाकूड हवे तर ह्या कुटुंबांशी सौदा करावा लागतो. त्यांच्या संघटना आहेत. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे, लाकूड कसे मोजायचे, कोणी मोजायचे, मोजणीत वाद झाला तर काय करायचे, ह्याचा तिथे स्वतंत्र कायदा आहे. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. का, ते सांगतो.

भारतात कागदाचा कच्चा माल कोणता? पूर्वी बांबू होता. आता आंध्र-तेलंगणाकडचे शेतकरी सुबाभूळ, निलगिरी, सुरू लावतात. 1988 च्या राष्ट्रीय वनधोरणाने गिरण्यांना सांगितले की, सरकारी जंगलावर विसंबू नका, शेतकऱ्यांकडून घ्या. थोडा उसाचा चोथा आणि गव्हाचे काड असते. परंतु देशात होणाऱ्या कागद-पुठ्ठ्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश माल रद्दीपासून होतो. वापीच्या गिरण्यांतून जो खाकी कागद बाहेर पडतो तो मुख्यतः जुन्या खोक्यांचा पुनर्जन्म असतो. म्हणजे फिनलंडचे जंगल जसे पाइनचे, तसे आपले जंगल रद्दीचे. ते गल्लोगल्ली, दारोदारी उगवते. आणि त्या जंगलात लाकूडतोड करणारी माणसे म्हणजे दादांसारखे हातगाडीवाले, कचरा वेचणाऱ्या बाया, आणि माझ्या आईसारख्या निवडणाऱ्या.

आता ह्या जंगलातली मोजणी पाहा. दहावीच्या वर्षी मी दादांबरोबर माल घालायला गेलो होतो. आमच्या घरच्या काट्यावर पुठ्ठा भरला होता 44 किलो. दुकानात तो भरला 41. त्यातून ओलाव्यापोटी 4 किलो कापले. पावसाचा थेंब पडून महिना झाला होता. मी म्हणालो, "शेठ, माल तर वाळलेला आहे." शेठ माझ्याकडे न पाहता दादांना म्हणाले, "काय रे, पोराला शाळेत घातलंस म्हणून वकील आणलास का?" दादा हसले. मला त्या हसण्याचा राग आला. घरी येताना ते म्हणाले, "अरे, उद्या माल घ्यायचा त्यानं नाही म्हटलं तर गाडी घेऊन कुठं फिरू?" हा त्यांचा अर्थशास्त्राचा धडा होता आणि तो बिनचूक होता. ज्याच्याकडे माल साठवायला जागा नाही आणि उद्याच्या जेवणाचे पैसे आजच लागतात, त्याला भावाची घासाघीस करता येत नाही.

शेठचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. काही जण पुठ्ठ्यावर पाणी मारून वजन वाढवतात. पुढे गिरणीही शेठच्या मालातून ओलावा आणि घाण कापते. प्रत्येक जण वरचा कापतो म्हणून खालच्याचे कापतो. पण ह्या उतरंडीत सर्वांत खाली जो आहे त्याला कापायला कोणी उरत नाही. त्याचेच कापले जाते, ते शेवटचे.

ह्या धंद्याचे धागे किती लांब पोचतात ते मी त्या वर्षी प्रथम पाहिले. 2020 च्या टाळेबंदीत रद्दीला कोणी विचारत नव्हते. नंतर 2021 मध्ये भाव चढू लागले. दादा गाडीला नवीन टायर घालून आले. आम्हाला वाटले, नशीब उघडले. कारण सातासमुद्रापलीकडे होते. भारतातल्या गिरण्यांना इथली रद्दी पुरत नाही, म्हणून अमेरिका, ब्रिटन, युरोप इथून जहाजे भरभरून रद्दी येते. त्या काळात जहाजभाडे अतोनात वाढले आणि बाहेरची रद्दी महागली. शिवाय चीनने 2021 पासून बाहेरचा कचरा घेणे पूर्ण बंद केले होते, त्यामुळे तिथल्या गिरण्यांना तयार खाकी कागद हवा होता आणि तो भारतातूनही जाऊ लागला. 2021-22 ह्या वर्षात भारताची कागद-पुठ्ठ्याची निर्यात सुमारे 13,900 कोटी रुपयांवर गेली, तोवरचा तो उच्चांक होता. 2022 च्या आरंभी फिनलंडमधल्या एका मोठ्या कंपनीच्या गिरण्यांत जवळजवळ चार महिने संप चालला. त्याच सुमारास युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियातून येणाऱ्या वृत्तपत्रीय कागदाचे गाडे अडले. फिनलंडलासुद्धा रशियाचे लाकूड बंद झाले. असे सगळे एकावर एक आले.

पुठ्ठ्याला भाव आला तेव्हा दादा खूश होते. पण जूनमध्ये धाकट्या बहिणीच्या वह्या घ्यायला गेलो, तर डझनाचा भाव ऐकून आम्ही दोघे दुकानाबाहेर येऊन उभे राहिलो. रद्दी विकून जे चार पैसे जास्त आले होते ते वह्यांत गेले, वर थोडे पदरचे घालावे लागले. 2025 च्या सप्टेंबरपासून वह्यांवरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या जूनचा हिशोब माझ्या मनातून जात नाही. एकच कागद. तो विकतानाही भाव दुसरा ठरवतो, घेतानाही दुसराच ठरवतो.

फिनलंडचे सगळे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. 2006-07 च्या सुमारास तिथले उत्पादन एक कोटी चाळीस लाख टनांच्या घरात होते. आज ते साधारण निम्म्यावर आले आहे. लोक पडद्यावर वाचू लागले आणि छपाईचा कागद खपेना. याम्सा गावची काइपोला गिरणी 2020 च्या अखेरीस बंद झाली आणि सुमारे 450 जणांचे काम गेले. केमी येथील वेइत्सिलुओतो गिरणीत 2021 मध्ये कागद बनणे थांबले, तिथे सुमारे 670 जणांचे गेले. नोकियाची गंमत इथे कडू होते. लगद्यापासून निघालेली कंपनी फोनकडे गेली आणि फोनने कागदाची जागा घेतली. पण तो देश हातावर हात ठेवून बसला नाही. घरपोच माल मागवण्याची सवय जगभर वाढली, तशी खोक्यांना मागणी वाढली. औलू येथे छपाईच्या कागदाचे यंत्र बदलून 2021 पासून खोक्यांच्या पुठ्ठ्याचा कागद निघू लागला. केमी गावातच 2023 साली दुसऱ्या कंपनीची लगद्याची नवी मोठी गिरणी सुरू झाली. कागद उतरला, पुठ्ठा चढला. हीच उलथापालथ आमच्या हातगाडीवरही दिसते. आजोबांच्या गाडीवर पेपर जास्त असे, दादांच्या गाडीवर खोकी जास्त असतात.

मग आपण काय करावे? गिरणीवाले म्हणतात, आयात कर वाढवा. छापणारे आणि वृत्तपत्रवाले म्हणतात, कमी करा. सरकारने 2019 साली वृत्तपत्रीय कागदावर दहा टक्के आयात कर बसवला आणि लगेच 2020 मध्ये तो पाच टक्क्यांवर आणला, त्यावरून ही ओढाताण ध्यानात येते. ती जुनीच आहे. वृत्तपत्रीय कागदाच्या नियंत्रणाचा खटला 1972 साली आणि त्यावरील कराचा 1984 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ह्या वादात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. मला एवढेच दिसते की, दोन्ही बाजूंची माणसे दिल्लीला जाऊन आपले म्हणणे मांडू शकतात. तिसरी बाजू हातगाडीची आहे, ती कुठेही जात नाही.

माझे मत असे आहे की, आयात कराइतकाच काट्याचाही प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या देशातला पुष्कळ कागद गोळाच होत नाही. ओल्या कचऱ्यात भिजतो, जाळला जातो, नाल्यात जातो. आणि आपण परक्यांची रद्दी जहाजाने आणतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. इथली रद्दी नीट गोळा व्हायची असेल, तर ती गोळा करणाऱ्याला ते काम परवडले पाहिजे. आणि ते परवडायचे असेल, तर वजन खरे झाले पाहिजे. ह्यासाठी नवा कायदा नको. 2009 चा वैध मापनाचा कायदा आहे. त्याप्रमाणे धंद्यातला प्रत्येक काटा तपासून त्यावर शिक्का मारावा लागतो. फक्त तपासणारा माणूस भंगाराच्या दुकानापर्यंत पोचला पाहिजे.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे देतो. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्रे मिळाली, आणि पुढे 2008 पासून त्यांच्याच सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले. दुसरे उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे. एकेकाळी कागद गिरण्यांना सरकारी जंगलातला बांबू नाममात्र दरात मिळे आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच कितीतरी महाग पडे, हे माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या जंगलांविषयी लिहून ठेवले आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वनहक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तिच्या हाती आला. मग गावाने आपला बांबू आपल्या अटींवर विकला. फिनलंडच्या कुटुंबांना जे जमले ते गोंड आदिवासींच्या एका छोट्या गावाला जमले. मग तालुक्याच्या हातगाडीवाल्यांना का जमू नये?

शेवटी आपल्या महाविद्यालयापुरते एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी परीक्षा संपल्या की, उत्तरपत्रिका, जुने फॉर्म, फाटकी पुस्तके ह्यांचा मोठा साठा निघतो. तो अंदाजाने, ढिगावर भाव करून, एकाच व्यापाऱ्याला जातो असे मी पाहिले आहे. त्याऐवजी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी तो निवडावा, शिक्का असलेल्या काट्यावर सर्वांसमक्ष मोजावा, आणि गावातल्या हातगाडीवाल्यांना वाटून विकावा. तोच काटा महिन्यातून एक दिवस फाटकाशी ठेवावा. ज्याला आपला माल फुकट मोजून घ्यायचा असेल त्याने यावे आणि वजनाची चिठ्ठी घेऊन जावे. चिठ्ठी हातात असली म्हणजे माणूस निदान विचारू तरी शकतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ह्यासारखे प्रात्यक्षिक दुसरे मिळणार नाही. खर्च एका काट्याचा आहे, आणि तो पहिल्या वर्षीच्या रद्दीतूनच निघेल असा माझा अंदाज आहे.

प्रकल्पाला सरांनी चांगले गुण दिले. मी तो घरी नेऊन दादांना वाचून दाखवला. फिनलंडमध्ये माल मोजण्याचा वेगळा कायदा आहे हे ऐकल्यावर त्यांनी मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "तिथं ओलावा कापतात का रे?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी म्हणालो, "कापत असतील, पण मोजून कापत असतील." दादा काही बोलले नाहीत. उठले आणि गाडीचा दोर आवळू लागले.

हा अंक वाचून झाल्यावर कधीतरी तोही रद्दीत जाईल. त्यात वाईट काही नाही. कागदाचा तंतू पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतो म्हणतात. फक्त तो देताना, दाराशी आलेल्या माणसाला "काय रे" न म्हणता "काय हो" म्हणावे आणि काटा नीट पाहून घ्यावा. सध्या एवढे झाले तरी पुष्कळ झाले.